काटा दुसऱ्या वर्षी बघावा

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोन्हींकडे वजन उतरलेली माणसं होती, आणि त्यांचं वजन खरोखरच उतरलं होतं. इतके उलट सल्ले एकाच वेळी लागू पडत असतील, तर गुण घड्याळाचा नसावा, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझूतल्या एका अभ्यासाने ती बरीचशी फेडली. १३९ स्थूल व्यक्तींना सारख्याच कमी उष्मांकांचा आहार सांगितला. त्यातल्या एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात घ्यायचा होता. वर्षाअखेर या गटाचं वजन सरासरी ८ किलोंनी, तर दुसऱ्याचं ६.३ किलोंनी घटलं. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच. वेळेचं बंधन आलं की येताजाता तोंडात टाकलेली शेव, चहाबरोबरची बिस्किटं आणि रात्रीचं उरलंसुरलं आपोआप सुटतं. वजन उतरतं ते बहुधा त्यामुळे.

पण उतरणं तुलनेने सोपं आहे; अडतं ते टिकण्यापाशी. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८११ जणांना स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि कर्बोदकं यांचं प्रमाण निरनिराळं असलेले चार आहार वाटून दिले होते. सहा महिन्यांत सरासरी ६ किलो गेले. वर्षानंतर काटा पुन्हा वर सरकू लागला. दोन वर्षं संपताना चारही गटांतली घट ३-४ किलोंच्या आसपास होती, म्हणजे कुठलाही आहार दुसऱ्यावर मात करू शकला नाही. एखाद्या पद्धतीचं यश सांगणारे फोटो मात्र पहिल्या काही महिन्यांतले असतात, आणि मध्येच सोडून गेलेल्यांचे फोटो कोणी लावत नाही.

वजन परत आलं की आपण माणसाच्या जिभेला दोष देतो. हे मला अन्यायाचं वाटतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला; सरासरी १३.५ किलो उतरले. त्यानंतर वर्षभराने रक्त तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याची वर्दी देणारी संप्रेरकं उतरलेली होती. त्यांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. शरीर हरवलेलं वजन वर्षभर मागत राहतं, आणि आपण त्याला मनाचा दुबळेपणा म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, आमच्या ओळखीतल्या एकाने वीस किलो उतरवले आणि टिकवलेही, त्याचं काय? ते खोटं नाही. स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या अभ्यासात कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांत एकाच गटातल्या कोणी २५ किलोंहून अधिक उतरवले, तर कोणाचं वजन चक्क वाढलं. म्हणून एकाच्या यशावरून पद्धत जोखता येत नाही. किती जणांनी सुरुवात केली आणि दोन वर्षांनी त्यातले किती उरले, हेच विचारावं लागतं. नवी औषधंही याला अपवाद नाहीत. सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन घटलं खरं, पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं.

मग सगळंच फोल का? नाही. मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक अमेरिकनांच्या एका अभ्यासात आहार आणि व्यायामाबरोबर समुपदेशकांची गाठभेट वर्षानुवर्षं चालू ठेवली होती. तिथे आठ वर्षांनीही निम्म्या लोकांनी मूळ वजनाच्या किमान ५ टक्के घट राखली. आपल्याकडच्या वाचकांना त्याहून मोलाचा वाटावा असा अभ्यास चेन्नईचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना तिथे आहारात बदल आणि रोज अर्धा तास भरभर चालणं सांगितलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना मधुमेह झाला; ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यात ५५ टक्क्यांना. आणि या काळात चालणाऱ्यांचं वजन म्हणावं असं घटलंच नव्हतं.