जुन्या विमानातली वीज : दोष सांध्यात शोधावा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण तेवढ्याने सुटका होत नाही. काही महिन्यांनी कनेक्टरच्या आत हिरवा थर धरतो. हेडलाइट मंद होतो, स्टार्टर कधी फिरतो, कधी नुसता टकटक करतो. मालक नवी बॅटरी आणतो, जाणता वायरमन म्हणतो, "आधी अर्थिंग बघा." जुन्या छोट्या विमानाच्या देखभालीतही पहिलं वाक्य हेच असायला हवं. महाडला धावपट्टी नाही, पण दमट हवेत तांब्याचं आणि पितळेचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

महाराष्ट्राला छोटी विमानं नवी नाहीत. १९२८ साली जुहूचं विमानतळ सुरू झालं आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब उभा राहिला. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. आज धुळे, बारामती, गोंदिया इथे वैमानिक घडतात. जगभरातल्या क्लबांनी अशा प्रशिक्षणासाठी वर्षानुवर्षं वापरलेली विमानं म्हणजे सेसना १७२ आणि १५२. पहिलं १९५६पासून विकलं जातंय आणि चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनलं. दुसऱ्याचं उत्पादन १९८५मध्ये थांबलं. म्हणजे सर्वांत तरुण १५२ही आज चाळिशीचं आहे. इंजिन ठरलेल्या तासांनी उघडून नवं केलं जातं. वायरिंग मात्र बहुधा कारखान्यातून आलं तेच असतं.

वीज गेली म्हणून अशा विमानाचं इंजिन बंद पडत नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो इंजिनच्याच फिरण्यावर चालतात, त्यांना बॅटरी लागत नाही. जातो तो रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, दिवे आणि विजेवर हलणारे फ्लॅप. स्वच्छ दिवसा हे निभावतं. रात्री किंवा पावसाळी ढगात हेच जिवावर बेतू शकतं.

एकूण रचना साधी आहे. बॅटरी, तिला जोडणारा कॉन्टॅक्टर, अल्टरनेटर, व्होल्टेज रेग्युलेटर, मधली बस बार आणि तिच्यावरून सर्किट ब्रेकरमार्गे निघणाऱ्या शाखा. जुनी सेसना बारा व्होल्टची, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची चोवीसची. पूर्ण चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ दाखवते. इंजिन चालू असताना बसवर १४च्या आसपास आकडा हवा; चोवीसच्या विमानात २८. हे आकडे पाठ असले की तपासाला दिशा मिळते. बसवर १२.३ दिसतात, याचा अर्थ अल्टरनेटर काही देत नाही आणि विमान साठवणीवर चाललंय.

मग क्रम असा : आधी बॅटरीची टोकं, तिची इंजिनकडे आणि सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टी, नंतर कॉन्टॅक्टर, अल्टरनेटरचा पट्टा, त्याच्या फील्डचा (चुंबक तयार करणाऱ्या वेटोळ्याचा) ब्रेकर आणि सर्वांत शेवटी रेग्युलेटर. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना मल्टीमीटरची टोकं लावून, भार चालू ठेवून व्होल्टेज किती पडतं ते मोजायचं. भार नसताना खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. अर्ध्या चोंदलेल्या नळाचा दाब तोटी बंद असताना चांगलाच वाटतो, तसं. काही जुन्या पायपर चेरोकी विमानांमध्ये बॅटरीच्या केबल अॅल्युमिनियमच्या आहेत, त्यांच्या टोकांवर धरणारा ऑक्साइडचा थर स्टार्टरला हमखास रडवतो.

सांध्यातल्या दोषाचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे अॅमीटरचा नाचणारा काटा. तो पुढे-मागे डोलू लागला की रेग्युलेटर बदलला जातो आणि काटा नव्या रेग्युलेटरवरही डोलतो. कारण बरेचदा मास्टर स्विचमध्ये असतं. बस ते रेग्युलेटर ही वाट ब्रेकर, मास्टर स्विचचा अर्धा भाग आणि पाच-सहा लग (तारांच्या टोकांच्या कड्या) यांतून जाते. वर्षानुवर्षं झिजून तिथे एक दशांश ओहम जरी विरोध साचला, तरी तीन अँपिअरच्या फील्ड प्रवाहाला ०.३ व्होल्ट वाटेतच संपतात. रेग्युलेटरला वाटतं बस खाली आहे. तो फील्ड वाढवतो. प्रवाह वाढला की वाटेतली गळतीही वाढते आणि त्याची आणखी फसगत होते. बिचारा भाग निर्दोष असतो. स्विच आणि लग बदलले की काटा थांबतो.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची एक तार अर्थला टेकवायची. ती तार, पी-लीड, आतून तुटली तर चावी काढलेली असतानाही मॅग्नेटो जिवंत राहतो. हाताने पंखा फिरवणाऱ्याच्या हातातच इंजिन पेटू शकतं. म्हणून उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे जरासे उतरतात का, हे पाहतात. फेरे अजिबात उतरले नाहीत तर खूश होऊ नये, तार तपासावी.

हेडफोनमध्ये इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शीळ आली, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड किंवा पुन्हा अर्थ संशयित. उडालेला ब्रेकर हवेत पुन्हापुन्हा दाबणं म्हणजे शॉर्ट झालेल्या तारेला आग लावायची संधी देणं. ज्याच्यावाचून अडतं असं उपकरण नसेल, तर तो तसाच ठेवावा.

वायरिंगचं वय हा प्रश्न जगाने मोठी किंमत मोजून शिकला. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए ८०० हे विमान इंधनटाकीच्या स्फोटात पडलं. टाकीबाहेरच्या शॉर्ट सर्किटचं व्होल्टेज आत पोचलं असावं, हे कारण तपासात सर्वांत संभाव्य ठरलं. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ वायरमधल्या आर्किंगनंतर लागलेल्या आगीत गेलं. त्यानंतर २००७मध्ये अमेरिकेने वायरिंगसाठी स्वतंत्र नियम केले, पण त्यांचा रोख मोठ्या प्रवासी विमानांवर आहे. छोट्या जुन्या विमानांची भिस्त मेकॅनिकच्या नजरेवर आणि मीटरवरच उरते.

भारतात विमान पुन्हा उडण्यास योग्य असल्याची सही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवानाधारक अभियंताच करू शकतो. त्या सहीइतकंच महत्त्व नोंदीला द्यायला हवं. प्रत्येक तपासणीत बॅटरी, बस, अर्थ आणि फील्डच्या वाटेवरचे आकडे लॉगबुकशेजारी लिहिले, तर सांधा खराब होतोय हे वर्षभर आधी कळेल. आणि महाड-पोलादपूरच्या ज्या मुलामुलींचा बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हा गट आहे, त्यांनी वैमानिकाच्या खुर्चीइतकाच या परवान्याचाही विचार करावा. गंजलेला सांधा हाताच्या बोटांनी ओळखणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात आहेत. त्या बोटांना मोजमापाची आणि नोंदीची शिस्त लावली, तर विमानाच्या हँगरलाही ती हवीच आहेत.