तलावात पिलू सोडले, पण त्याला घर कुठे?

दरवर्षी पावसाळ्यात तलाव भरले की मच्छीमार संस्था मत्स्यबीज आणतात. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कटला, रोहू, मृगळ यांची पिले येतात, तलावात सोडली जातात आणि सभासद मनातल्या मनात हिशेब मांडतात. पुढे जाळे टाकले की हिशेब आणि मासे यांचा मेळ बसत नाही. मग बियाणे वाईट होते, पाऊस कमी झाला, रात्री चोरी झाली असे बोलले जाते. ही कारणे खरीही असतील. पण पिलू सोडले तेव्हा त्याला लपायला जागा होती काय, हे कोणी विचारत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातले पाझर तलाव आठवून पाहा. त्यांतले कितीतरी 1972 च्या दुष्काळात आपल्याच आईबापांनी पाट्या वाहून बांधले. ते बांधले पाणी जिरवण्यासाठी, माशांसाठी नव्हे. तळ मुरमाचा, ताटासारखा उघडा. ना झुडूप, ना पाणवनस्पती. अशा पाण्यात बोटाएवढे पिलू म्हणजे पाणकावळ्याला आणि मरळीला वाढलेले जेवणच. त्यात पिलू बोटाहूनही लहान आणले असेल, तर विचारायलाच नको.

आणि गेलेल्या पिलांची भरपाई तलाव आपण होऊन करीत नाही. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पाण्यात, नदीच्या पुरात अंडी घालणारे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून तर 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवली, त्या दिवसाचे एवढे मोल. आज पिशवीतून येणारे बियाणे त्याच शोधाचे फळ आहे. आम्ही जमाखर्चाची वही लिहिणारी माणसे. आम्हाला एवढे कळते की विकत घेतलेला माल उघड्यावर टाकून गोदामाला दार नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही.

हे गोदाम कसे बांधायचे, ते बांगलादेशातल्या आणि आपल्याकडे बंगाल-आसामातल्या मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते पाण्यात झाडांच्या फांद्यांचे ढीग रोवतात. बांगलादेशात त्याला 'काठा' म्हणतात. फांद्यांत लहान मासा लपतो, उन्हात त्याला सावली मिळते. शिवाय बुडालेल्या लाकडावर शेवाळाचा थर चढतो आणि रोहू तो खरवडून खातो, म्हणजे निवारा आणि अन्न एकाच जागी. अमेरिकेत तर नाताळ उरकला की टाकून दिलेली झाडे गोळा करून, वजन बांधून तलावात बुडवतात.

आपल्याकडे नाताळची झाडे नसली तरी वेडी बाभूळ हवी तेवढी आहे. तिच्या फांद्या तोडून पाला पूर्ण झडेपर्यंत वाळवाव्यात. ओला पाला पाण्यात कुजतो आणि माशांचाच प्राणवायू खातो. मग जुडे बांधून प्रत्येकाला जड दगड बांधावा, नाहीतर पहिल्या पुरात सगळे सांडव्यावर येऊन अडकेल. जुनी टायरे टाकण्याचा मोह मात्र टाळावा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख टायरे माशांचे घर म्हणून समुद्रात टाकली. त्यांचे बंध तुटले, टायरे वाहत जाऊन जिवंत प्रवाळांवर आदळू लागली आणि पुढे ती काढण्यासाठी पाणबुडे लावावे लागले.

जागा निवडण्यात खरी मेख आहे. माजलगाव धरणाचा एकूण साठा 454 दशलक्ष घनमीटर, त्यातला 142 मृत साठा. कागदावर 'मृत' म्हणतात, पण मे महिन्यात मासा जिवंत राहतो तो याच पाण्यात! फांद्या काठाजवळ टाकल्या तर जानेवारीत त्या कोरड्या पडतील आणि सरपणाला जातील. त्या टाकायच्या उन्हाळ्यात शेवटी उरणाऱ्या डोहात. अर्थात डोहच आटला तर इलाज नाही. 2016 साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा फांद्यांनी काय केले असते?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. फांद्यांभोवती मासा गोळा होतो आणि गोळा झालेला मासा पकडणे सोपे असते. म्हणजे संस्थेत एकी नसेल तर हेच घर सापळा होईल. तेवढा डोह जाळ्यासाठी बंद, असा ठराव आधी हवा. काटेरी बाभळीत चोराचे जाळे फाटते, हा या कामी तिचा गुणच समजावा.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या संस्थेने धीवर समाजाबरोबर वेगळी वाट धरली. जुन्या तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. बायांचे गट त्यात पुढे होते. फांद्या काही वर्षांत कुजतात, वनस्पती आपण होऊन वाढते. आपले पाझर तलाव उन्हाळ्यात आटतात, म्हणून तिथे ही वाट जशीच्या तशी चालणार नाही, पण ज्या तलावात बारमाही पाणी टिकते तिथे करून पाहावी.

आम्ही हा विषय का घेतला? आपल्या जिल्ह्यातली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयता उचलतात आणि लेकराबाळांसह कारखान्याच्या वाटेला लागतात. मासे काढण्याचे महिनेही तेच. गावचा तलाव चार घरांना जरी तेवढे दिवस पोसू शकला, तर तेवढ्या घरांतली मुले शाळेत राहतील. त्यासाठी आधी ठेका कोणाच्या नावावर आहे आणि पैसा कोणाच्या खिशात जातो, हे सभासदांनी संस्थेच्या सभेत विचारावे. नाव गरिबांचे आणि तलाव धनवानाचा, असे प्रकार कमी नाहीत.

फांद्या टाकण्यापूर्वी पाटबंधारे खात्याची किंवा ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्यांची लेखी परवानगी घ्यावी. पिण्याच्या पाण्याची विहीर आणि कालव्याचे दार यांपासून लांब राहावे. काम मे महिन्यात करावे. पाणी तेव्हा सर्वांत खाली गेलेले असते, डोह डोळ्यांना दिसतो आणि ऊसतोडीची मंडळीही गावी परतलेली असतात.