गाव बदललेली घरे

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम ही अनेक बेटांवर वसलेली नगरी आहे. त्यांपैकी यूरगोर्डेन नावाच्या बेटावर एक उंचवटा असून तेथे पूर्वी एक लहानशी गढी होती. गढीला तिकडच्या भाषेत 'स्कान्सेन' म्हणतात. त्या उंचवट्यावरील वस्तुसंग्रहालयालाही तेच नाव मिळाले आहे. उन्हाळ्यातील एखाद्या सकाळी एकटा प्रवासी बोटीने बेटावर उतरून संग्रहालयात शिरतो, तेव्हा काचेची कपाटे आणि त्यांतील चिठ्ठ्या लावलेल्या वस्तू त्याला दिसत नाहीत. दिसतात ती झाडांतून डोकावणारी जुनी घरे, गोठे, कोठारे आणि पवनचक्क्या. येथे संग्रह केला आहे तो घरांचाच! देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या अशा सुमारे दीडशे वास्तू येथे आहेत.

आर्तुर हासेलियस ह्या भाषाशिक्षकांचे हे कार्य. १८७२ साली ते दालार्ना प्रांतात प्रवासास गेले होते. गावोगावचे पोशाख, भांडी व अवजारे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आगगाडी आली होती, कारखान्यांचा माल स्वस्त झाला होता आणि हजारो कुटुंबे पोटासाठी अमेरिकेची वाट धरीत होती. राजांचे मुकुट जपून ठेवावयास राजवाडे होते. शेतकऱ्याचा पाळणा कोण जपणार? हासेलियस ह्यांनी प्रथम एक घागरा विकत घेतला. पुढे वस्तू वाढत गेल्या, आणि १८८५ साली त्यांनी मूरा गावचे एक संपूर्ण घरच विकत घेतले. ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्कान्सेन लोकांसाठी खुले झाले.

घर दूरवर हलविले कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. तिकडील जुनी घरे बहुधा लाकडी. सरळसोट ओंडके एकावर एक आडवे रचावयाचे आणि कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवावयाचे. फटींतून वारा येऊ नये म्हणून त्यांत शेवाळ ठासावयाचे. अशा भिंतीला खिळ्यांची फारशी गरज नसते. त्यामुळे प्रत्येक ओंडक्यावर खूण करून घर उकलता येते आणि खुणांबरहुकूम दुसरीकडे पुन्हा उभे करता येते. १९१६ साली तर सेगलोरा गावचे सुमारे १७३० मधील लाकडी प्रार्थनामंदिरही असेच आणले गेले. त्यात आजही विवाह लागतात.

काही छपरांवर चक्क गवत उगवलेले असते. खाली भूर्जवृक्षाची साल अंथरून तिच्यावर गवताची ढेपळे रचलेली असतात. साल पाणी अडविते, माती थंडी अडविते. आपल्याकडे प्राचीन काळी ज्याच्या सालीवर ग्रंथ लिहीत, त्या हिमालयातील भूर्जाचाच हा उत्तरेकडील भाऊबंद. गेरूसारखा जो तांबडा रंग अनेक घरांना दिलेला दिसतो, तो फालून येथील तांब्याच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून बनतो.

एकट्या प्रवाशाला कोणाची घाई नसते. एका घरात जुन्या पद्धतीचा पोशाख केलेली बाई चुलीपाशी बसलेली असते. तिला काहीही विचारावे. ती समजावून सांगते. आढ्याखाली आडव्या काठीत ओवलेल्या वाटोळ्या भाकरी कशासाठी, असे प्रवासी विचारतो. राईच्या पिठाच्या ह्या भाकरी वर्षातून थोड्याच वेळा भाजीत. म्हणून मधोमध भोक ठेवून त्या टांगीत, म्हणजे कोरड्या राहून महिनोन्‌महिने टिकत. प्रवाशाच्या डोळ्यांपुढे बाहेरचे ऊन मावळते आणि लांबलचक हिवाळा उभा राहतो.

येथे जमीनदाराचा ऐसपैस वाडाही आहे, आणि वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या भूमिहीन मजुरांची अरुंद बिऱ्हाडेही आहेत. ती पद्धत १९४५ साली बंद झाली. वाडा पाहणाऱ्यांची गर्दी अधिक असते. परंतु ज्याने ही बिऱ्हाडे पाहिली नाहीत, त्याने स्कान्सेन निम्मेच पाहिले. चूल, खाट, टेबल आणि मुलांचा पसारा ह्या सर्वांना मिळून एवढीच जागा! येथे आता स्वच्छता आहे, शांतता आहे. भूक मात्र कोणत्याही संग्रहालयाला मांडून दाखविता येत नाही.

दक्षिणेकडील घरे दक्षिणेस आणि उत्तरेकडील उत्तरेस, अशी बहुतेक मांडणी असल्याने सायंकाळपर्यंत प्रवाशाने जणू सारा देश पायी ओलांडलेला असतो. वाटेत उत्तरेकडील रेनडिअर, अस्वले आणि लांडगेही भेटतात. परतताना तो एका समाधीपाशी थांबतो. हासेलियस स्वतः ह्या टेकडीवरच राहावयास आले होते आणि १९०१ साली वारल्यावर त्यांना येथेच पुरण्यात आले. समाधीवरील अक्षरे वाचून होतात न होतात, तोच परतीच्या बोटीची वेळ झालेली असते.