हेग नगरीवरील हवाई छापा (इ. स. १९४०)

वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस हेग हें नांव अपरिचित नाहीं. शिवकालीन कोंकणासंबंधीं वलंदेजांनीं लिहिलेलीं पत्रें त्याच शहरांतील सरकारी दप्तरखान्यांत जतन झालीं आहेत. हें शहर ता. १० मे १९४० रोजीं, एका दिवसांत, आकाशांतून उतरून घेण्याचा बेत जर्मनांनीं केला होता. तो कां फसला, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

बेत असा. हेगच्या आसपास तीन विमानतळ : लायडेनजवळचा व्हाल्केनबुर्ख, नैर्ऋत्येचा ओकेनबुर्ख व आग्नेयेचा इपेनबुर्ख. पहांटे छत्रीधारी शिपायांनीं उड्या टाकून हे तिन्ही तळ घ्यावे. मागोमाग युंकर्स ५२ जातीच्या विमानांतून काउंट फॉन श्पोनेक यांच्या २२ व्या डिव्हिजनचें पायदळ उतरावें. आणि त्यानें शहरांत शिरून राणी विल्हेल्मिना, मंत्रिमंडळ व सरसेनापति विंकेलमन यांस धरावें. राजा कोंडला कीं डाव आटोपला, हें बुद्धिबळांतील तत्त्वच हें. परंतु अशी योजना उतरंडीसारखी असते. तळचें मडकें निसटलें कीं वरचें एकहि राहत नाहीं.

तळचें मडकें निसटलें तें इपेनबुर्ख येथें. एप्रिलांत डेन्मार्क व नॉर्वे यांवर जो प्रसंग गुदरला, त्यावरून डच लोक सावध झाले होते, व तळावर मशीनगनी आणि चिलखती गाड्या सज्ज होत्या. छत्रीधारी शिपाई बरेचसे भलतीकडे, शेतांतून विखरून पडले. तळ अद्याप डचांच्याच हातीं; पण वेळापत्रक ठरलेलें, म्हणून सैनिकांनीं भरलेलीं विमानें येऊं लागलीं. पहिल्या तेरांपैकीं अकरा विमानांचा तेथेंच निकाल लागला. मागून येणारांस जळत्या सांगाड्यांमुळें उतरावयास जागाच उरली नाहीं. कोणी हमरस्त्यावर उतरले, कोणी समुद्रकांठच्या वाळूंत. खुद्द श्पोनेक यांसहि इपेनबुर्ख सोडून ओकेनबुर्खास उतरावें लागलें.

व्हाल्केनबुर्खची हकीकत याहून निराळी. तेथें तळ जर्मनांनीं घेतला. परंतु तो अपुरा बांधलेला होता. मऊ भूमींत विमानांचीं चाकें रुतलीं, आणि उतरलेलें विमान पुन्हां उडेना. पुढील तुकडीस आपल्याच विमानांनीं वाट अडविली. ज्या भूमीवर सर्व बेत उभारावयाचा, तिची परीक्षा कोणी केली नव्हती काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

सायंकाळपर्यंत डच सैन्यानें तिन्ही तळ परत घेतले. उरलेले जर्मन आसपासच्या खेड्यांतून अडकून पडले, व हजारांहून अधिक कैदी जहाजांनीं इंग्लंडास रवाना झाले. हस्तगत झालेल्या जर्मन कागदांवरून डचांस राणीस पकडण्याचा हेतु कळला. आमच्या वाचकांनीं हा मुद्दा लक्षांत ठेवावा, कारण याच प्रसंगीं दुसरी एक गोष्ट सांगतात : राणीच्या भेटीसाठीं श्पोनेक यांनीं दरबारी पोषाख बरोबर घेतला होता म्हणून. ती ऐकावयास गोड आहे. आमच्या मतें तिची योग्यता बखरीची, हुकूमनाम्याची नव्हे.

छापा फसला तरी युद्ध डचांनीं जिंकलें नाहीं. ता. १३ मे रोजीं राणी ब्रिटिश विनाशिकेवरून इंग्लंडास गेली, ता. १४ रोजीं रॉटरडॅमवर बाँब पडले, व ता. १५ रोजीं शरणपत्रावर सह्या झाल्या. तथापि राणी व मंत्री शत्रूच्या हातीं न लागल्यामुळें डच राज्यसत्ता लंडनांतून चालू राहिली, व १९४५ सालीं राणी स्वदेशीं परतली. श्पोनेक यांची गति मात्र शोचनीय झाली. डिसेंबर १९४१ मध्यें केर्च येथें त्यांनीं आज्ञेवांचून सैन्य मागें घेतलें. त्याबद्दल त्यांस शिक्षा झाली, आणि २३ जुलै १९४४ रोजीं गेर्मेर्सहाइम येथें त्यांस गोळी घालण्यांत आली.

डच ईस्ट इंडिया कंपनीचें दप्तर या सर्वांतून वांचलें. २००३ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतींच्या यादींत त्याचा समावेश केला. वेंगुर्ल्याहून गेलेलीं पत्रें त्यांतच आहेत.