पोटातले जंतू ओळखतात कसे?

गेल्या पावसाळ्यात आमचं रेडकू हगवणीनं मेलं. तेव्हापासून मला वाटे, पोटातले सगळे जंतू वाईटच. गुरुजी म्हणाले, "नाही रे, बरेच कामाचे असतात. म्हैस उसाचं वाढं पचवते ती त्यांच्याच जिवावर."

सूक्ष्मदर्शकातून पुष्कळ जंतू सारखेच दिसतात, बारीक काड्यांसारखे. म्हणून शास्त्रज्ञ त्यांचा जनुकसंच वाचतात. त्यात अक्षरं चारच, पण ती लाखो वेळा येतात. दोन जंतूंची अक्षरं संगणकावर शेजारी ठेवून ताडतात. शुद्धलेखनाच्या वह्या आपण अदलाबदल करून तपासतो ना, तसंच. १०० पैकी सुमारे ९५ अक्षरं जुळली तर जात एक.

लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी (नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले!) हा जंतू माणूस, डुक्कर, उंदीर, कोंबडी यांच्या आतड्यात राहतो. २०२१ साली असं ताडून त्याच्या पोटजाती पाडल्या. डुकरातला निराळा, कोंबडीतला निराळा.

पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात लाखाहून जास्त जंतू जपून ठेवलेत. हे ऐकून आबा म्हणाले, "मग आपल्या रेडकाला कोणता जंतू झाला, ते सांगतील का?" पण आम्ही त्याचं शेण ठेवलंच नव्हतं.

— इयत्ता ४ थी, श्रीपूर