रक्कम मोठी असेल तर?

आज विश्वासाच्या डावाकडे वळायचं ठरलं होतं. पण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे, आणि त्यांचा प्रश्न टाळून पुढे जाववत नाही. ते लिहितात, ‘वाटणीच्या डावात विद्यार्थ्यांनी तुटपुंजा वाटा धुडकावला, त्यात नवल ते काय? चार पैशांवर पाणी सोडायला कुणालाही जमतं. वर्षभराची कमाई समोर ठेवा, मग बघू.’

अगदी रास्त शंका आहे. या डावात एक जण मिळालेल्या रकमेतला काही वाटा समोरच्याला देऊ करतो; समोरच्याने तो घेतला तर वाटणी पक्की, नाकारला तर दोघांनाही काहीच नाही. १९८२ साली वर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांचा मूळ प्रयोग प्रसिद्ध झाल्यापासून ती संशोधकांनाही छळत होती. अमेरिकेत १०० डॉलरचा डाव मांडून पाहिला, विशेष फरक पडला नाही. पण १०० डॉलर म्हणजे तिथे काही घबाड नव्हे. म्हणून लिसा कॅमेरॉन यांनी १९९४ मध्ये इंडोनेशियातलं योग्यकर्ता गाठलं. सगळ्यात मोठा डाव २ लाख रुपियांचा, म्हणजे खेळणाऱ्यांच्या साधारण तीन महिन्यांच्या खर्चाइतका. तरी वाटणी करणाऱ्यांचा हात आखडला नाही! समोरचे मात्र थोडे नरमले.

इथे खरी मेख आहे. मोठ्या रकमेत क्षुल्लक वाटा देऊ करणारेच विरळा. मग तो नाकारला जातो की नाही, हे तपासायचं कशावरून? स्टेफन अँडरसन, उरी नीझी, जॉन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातल्या गरीब खेड्यांत यावर काढलेली तोड मला फार आवडते. डाव २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंतचे. आणि वाटणी करणाऱ्याला सूचनांमध्येच समजावून सांगितलं: समोरच्याला फक्त जास्तीत जास्त पैसे हवे असतील तर तो मिळेल ते घेईल, तेव्हा कमीत कमी देण्यातच तुमचा फायदा आहे. झालं, हवे तसे तुटपुंजे वाटे पुढे आले.

२०,००० रुपये म्हणजे तेव्हा तिथल्या १,६०० तासांच्या कामाचा मोबदला. त्यातला पाचवा हिस्सा नाकारायचा तर आठ तासांच्या दिवसाने चाळीस दिवसांची मजुरी सोडायची. २० रुपयांच्या डावात तोच पाचवा हिस्सा चार रुपयांचा. लहान डावात तुटपुंजे वाटे सर्रास नाकारले गेले. २०,००० च्या डावात नकार जवळपास उरलाच नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झालं.

तेव्हा सांगलीकरांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. अन्यायाची चीड खोटी असते असं मात्र यातून निघत नाही. चाळीस दिवसांची मजुरी घरी नेणाऱ्यालाही ती वाटणी अन्यायाचीच वाटली असेल. नकार त्याला परवडला नाही, एवढंच. माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट योग्यकर्त्याची आहे. तिथे कुणी कानमंत्र दिला नव्हता, तरी वाटे घसरले नाहीत. हा उदारपणा, की नकाराची धास्ती? याचा उलगडा करायचा तर समोरच्याचा नकाराचा हक्कच काढून घेतलेला डाव आधी बघायला हवा. पुढच्या आठवड्यात तोच घेऊ. विश्वासाचा डाव त्यानंतर.