घासून गुळगुळीत केलेला सांधा

चेन्नईहून बंगळुरूच्या महामार्गाला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येतं. इथल्या ह्युंदाईच्या कारखान्यात गाड्यांचे सांगाडे यंत्रमानव जोडतात. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅकही याच परिसरात, १९९० पासूनचा. त्याआधी क्लबच्या शर्यती शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर होत. आता या ट्रॅकवर ड्रॅग रेसही होतात. ४०२ मीटर सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोघं, आणि तयारीची गाडी असेल तर दहा-बारा सेकंदांत सगळं आटोपतं. मला त्या सेकंदांपेक्षा आदल्या दिवशीची तपासणी बघायची होती.

तपासनिसांना सगळे ‘सार’ म्हणत होते. हातात टॉर्च, कॅलिपर, जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आत वाकून थेट रोल केजला हात घातला. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत उभा केलेला हा नळ्यांचा पिंजरा.

मोटर स्पोर्टच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमावलीत परिशिष्ट ‘जे’ आहे. त्यानुसार चालकामागच्या मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची लागते, किंवा ५० व्यासाची आणि २ जाडीची. पोलाद साधं कार्बनचं, कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत, नळी थंड ओढलेली आणि सीमलेस. बाजारात पत्रा वळवून शिवण मारलेला ईआरडब्ल्यू पाइप बराच स्वस्त मिळतो, आणि रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कागद आधी मागतात, यंत्र नंतर लावतात. नळीवर जेलचा थेंब, त्यावर प्रोब. पोलादातून आवाज सेकंदाला जवळजवळ ५,९०० मीटर जातो. तो आतल्या भिंतीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी निघते, नळी न कापता. सार वळणापाशी थांबले. नळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते आणि गोलाई चपटी होत जाते. चपटेपणालाही मर्यादा आहे. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पट तरी हवा.

वेल्डिंगची गोष्ट मात्र यंत्रावर भागत नाही. अंबत्तूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी असा केज जोडताना पाहिला होता. मे महिना, वर पत्रे, आणि वेल्डरनं पंखा बंद केलेला. आर्गन वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूवर वायूचं पांघरूण लागतं. पंख्याच्या झोतानं ते उडालं की हवा आत शिरते आणि सांध्यात पिनहोल पडतात. घाम पुसायलाही तो टाका संपल्याशिवाय थांबत नव्हता.

त्याहून अवघड जागा छताखालची. सांधा नळीभोवती पूर्ण फिरला पाहिजे, पण छत आणि नळी यांच्यामध्ये वेल्डिंगचा टॉर्च शिरत नाही. जाणकार कारागीर गाडीच्या फरशीला भोकं पाडून अख्खा केज खाली सोडतात, वरचे सांधे पुरे करतात, मग तो उचलून पायांखाली पट्ट्या बसवतात. कंटाळा करणारे पाऊण गोल जोडतात आणि वर पुट्टी भरतात. तपासनिसांचा आरसा ते पकडण्यासाठी.

त्या दिवशी अडली ती सर्वांत देखणी गाडी. सांधे ग्राइंडरनं असे घासलेले की नळी कुठे संपते ते कळत नव्हतं. मालक त्याच अभिमानात उभा. अमेरिकेच्या एनएचआरए या ड्रॅग रेसच्या संस्थेत ९.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीच्या सांगाड्याला साधारणपणे दर ३ वर्षांनी नवं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे वेल्ड घासायलाच मनाई आहे. कारण उघड आहे. घासल्यानं सांध्याचं मांस जातं आणि पुरावाही जातो. न घासलेल्या सांध्याच्या लहरींवरून हात कुठे थबकला, धार कुठे खाल्ली गेली, ते वाचता येतं. सुबक दिसणारा वेल्ड आतून पक्का असेलच असं नाही, हे एफआयएसुद्धा लिहून ठेवते. वेडावाकडा मात्र कधीच चांगल्या हाताचा नसतो, हेही. मला ही वाक्यरचना फार प्रामाणिक वाटते.

पक्का केज म्हणजे अभयपत्र नव्हे, हे या ट्रॅकला कोणी सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये सलून गाड्यांच्या शर्यतीत ५९ वर्षांचे अनुभवी स्पर्धक के. ई. कुमार इथेच अपघातात गेले.

मालक हुज्जत घालत होता. “सार, वरून आणखी एक थर मारून आणतो.”

“थर नको. सांधा कापा, साफ करा, नव्यानं जोडा.”

“मग रंग?”

“रंगाचं मी बघितल्यावर.”